साबणाचा किस्सा

८ जानेवारी, सोमवार

ही वही आयोर्वर्थनं दिली. आमच्या क्लबचा सेक्रेटरी आहे तो, आणि गेल्या वर्षापासून माझी भाषणंही तोच ठरवतो. मला इथे सगळे पियानो म्हणतात. तो म्हणाला, "पियानो, कुठल्या गावात कुठला किस्सा सांगितलास ते लिहून ठेवत जा. मागच्या खेपेला त्याच माणसांना तोच किस्सा दोनदा ऐकवलास. दुसऱ्यांदाही हसले बिचारे. सज्जन म्हणायचे."

तेव्हा लिहितो. मी हेडन प्रॉसर, वय सहासष्ट. वेल्सकडून रग्बीचे अकरा सामने खेळलो, प्रॉप म्हणून. म्हणजे स्क्रमच्या पहिल्या रांगेत मुंडी घालून ढकलायचं काम. त्यानंतर सव्वीस वर्षं नगरपालिकेच्या बागांमध्ये गवत कापलं. निवृत्त झालो आणि दिवसभर बायकोच्या, मेन्नाच्या, पायात पायात करू लागलो, तेव्हा तीच म्हणाली, बाबा रे, काहीतरी उद्योग बघ. आता गावोगावच्या क्लबांत जेवणावळ झाली की उभा राहतो आणि जुने किस्से सांगतो. लोकांची पोटं भरलेली असतात, बिअर चढलेली असते, हसायलाच आलेले असतात. फार अवघड काम नाही.

किस्से एकूण चार. पियानोचा, फ्रेंच डॉक्टरचा, हरवलेल्या पँटचा आणि साबणाचा. साबणाचा शेवटी, कारण त्याच्यानंतर दुसरं काही चालतच नाही.

१९ जानेवारी, शुक्रवार

डोंगरापलीकडच्या क्लबात. साठ माणसं. वाटाणे कच्चे. पियानो: बरा. पँट: चांगला. साबण: छप्पर उडालं.

नेहमीप्रमाणे गाडी एल्फेडनं चालवली. माझा खुबा गेलाय, बदलायच्या यादीत नाव आहे, तोवर गाडी चालवायची नाही असा डॉक्टरचा हुकूम. एल्फेड माझा मेव्हणा, मेन्नाचा थोरला भाऊ. बायको जाऊन तीन वर्षं झाली त्याची, त्यालाही तेवढाच विरंगुळा. आम्ही एका गल्लीतले, एका शाळेतले, आणि वेल्सच्या संघातही एकाच हंगामात गेलो.

आमच्या दरीत आडनावं चार आणि माणसं चार हजार, तेव्हा प्रत्येकाला टोपणनाव लागतंच. मी पियानो, कारण बाविसाव्या वर्षी क्लबचा पियानो पाठीवर घेऊन जिना उतरलो होतो. एल्फेड साबण. हे नाव डब्लिनच्या सामन्यानंतर पडलं. आम्ही तीन गुणांनी मागे, शेवटचं मिनिट. एल्फेड विंगला, म्हणजे मैदानाच्या कडेनं पळणारा. चेंडू त्याच्या हातात, पुढे नुसतं रिकामं गवत. रेषा ओलांडलीसुद्धा त्यानं. आता चेंडू फक्त जमिनीला टेकवायचा. टेकवला की ट्राय, म्हणजे चार गुण, आणि सामना आमचा. आणि सुटला की हो हातातून! कुणी हात लावला नाही, कुणी धक्का दिला नाही. सुटला. तो त्याचा पहिला सामना आणि तोच शेवटचा.

पुढे एकतीस वर्षं तो पोस्टमन होता. दारोदार पोरं ओरडायची, "पाकीट पाडू नकोस हं, साबण!" हे सांगितलं की लोक हसतात. मग मी म्हणतो, "उभा राहा रे एल्फेड!" तो मागच्या टेबलावरून उठतो, मी खिशातली साबणाची वडी त्याच्याकडे फेकतो, आणि तो ती पाडतो. पाडायला अजून एकदाही चुकला नाही. हातांवर भारी ताबा आहे गड्याचा.

२० जानेवारी, शनिवार

सकाळी मेन्ना म्हणाली, "दर वेळी दादाला का उभं करतोस?"

"त्याला आवडतं."

"तो म्हणाला तसं?"

"नाही म्हणाला नाही."

यावर तिनं अंडी जरा जास्तच जोरात फोडली. बहीण आहे, चालायचंच.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

बंदराजवळच्या क्लबात. पियानो: बरा. डॉक्टर: पडला. साबण: अर्धा. पुढच्या टेबलावरचा एकजण माझ्याआधीच शेवट बोलून मोकळा झाला.

आयोर्वर्थ म्हणाला, "किस्सा शिळा झाला रे. काहीतरी फोडणी घाल. पहिल्या मार्चला स्वान्सीच्या हॉटेलात तीनशे माणसं आहेत. तिथं शिळं वाढून कसं चालेल?"

खरं आहे त्याचं. विचार करतोय.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

सापडलं! आज जाताना गाडीतच सुचलं. त्या काळी सामना संपला की अख्खा संघ एकाच मोठ्या हौदात आंघोळीला उतरायचा. डब्लिनला सगळे आंघोळ करून, टाय बांधून जेवायला गेले. मी काहीतरी विसरलो म्हणून परत आलो. बघतो तर एल्फेड एकटाच त्या गढूळ गार पाण्यात बसलेला, आणि रडतोय. चांगला हुंदके देऊन, लहान पोरासारखा. आणि मी दारातून विचारतो, "काय रे एल्फेड, डोळ्यांत साबण गेला का?"

आता खरं म्हणजे असं मी विचारलं नव्हतं. पण विचारायला हवं होतं, इतकं चपखल बसतं. रात्री क्लबात सांगितलं, तर एवढा हशा मी उभ्या जन्मात ऐकला नाही. एक बाई खुर्चीवरून घसरली. मग म्हणालो, "उभा राहा रे!" एल्फेड जरा वेळानं उठला. वडी फेकली, तर ह्यानं हातच वर केले नाहीत. छातीवर आपटून खाली पडली. लोकांना तेही फार आवडलं.

परतताना तो रेडिओ लावून बसला. दमला असेल. वय झालं आता.

११ फेब्रुवारी, रविवार

एल्फेड जेवायला आला नाही. दर रविवारी येतो. मेन्नाला फोन केला होता म्हणे, सर्दी झालीय. तिनं त्याचं ताट वाढून झाकून ठेवलं. संध्याकाळी मी खाल्लं. मटण जरा वातड झालं होतं.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

एल्फेडच्या गाडीचा गिअरबॉक्स बिघडलाय. आयोर्वर्थच्या गाडीतून गेलो. त्याच्या गाडीला कुत्र्याचा वास येतो आणि तोंड एक मिनिट बंद राहत नाही. त्याचं, कुत्र्याचं नव्हे.

साबण हौदासकट: जोरदार. वडी फेकायला कुणी नव्हतं, पण हौद एकटाच पुरतो.

२४ फेब्रुवारी, शनिवार

एल्फेडची गाडी खताच्या पोत्यांनी भरून चढावरच्या त्याच्या भाजीच्या वाफ्यांकडे जाताना दिसली. हात केला, त्याचं लक्ष नव्हतं. गिअरबॉक्सचं असंच असतं, कधी चालतो, कधी नाही. रविवारी मात्र सर्दी. दोन रविवार झाले.

१ मार्च, शुक्रवार

स्वान्सी. सेंट डेव्हिडचा, आमच्या वेल्सच्या संताचा दिवस. तीनशे माणसं, कोटाला लीकच्या कांद्याची पात नाही तर पिवळं फूल टोचून. सूप छान. पियानो: छान. साबण: काय सांगू! हौदाजवळ आलो आणि जरा थांबलो, हुंदक्यांचा आवाज काढून दाखवला. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी. टेबलं बडवत होते. वेल्ससाठी अकरा सामने खेळलो, पण एवढ्या टाळ्या मला मैदानात कधी पडल्या नाहीत. खुबा दुखायचा थांबला होता, शपथ.

३ मार्च, रविवार

कुणीतरी फोनवर चित्रण केलं होतं. अख्ख्या दरीत फिरतंय. मेन्ना स्वयंपाकघरात उभी राहून बघत होती. माझेच हुंदके मला ऐकू आले.

तिनं विचारलं, "दादा रडला होता?"

"अगं, किस्सा आहे तो."

"रडला होता की नाही?"

"रडला होता."

"एकोणचाळीस वर्षांत मला कधी बोलला नाहीस."

"त्यात काय सांगायचं?"

"मग परवा तीनशे लोकांना काय सांगितलंस?"

 हिला आधी सांगितलं नाही म्हणून राग आलाय एवढं कळलं. बायकांना सगळं आधी कळायला हवं असतं. दुपारी एल्फेडचं ताट वाढलंच नाही तिनं. स्वतः डबा घेऊन त्याच्याकडे गेली आणि चार वाजता परत आली. काय बोलणं झालं विचारलं, तर म्हणाली, "वाफे बघितले."

१० मार्च, रविवार

आनंदाची बातमी. कॅडीची वेल्सच्या मुलींच्या संघात निवड झाली! एल्फेडची नात. वीस वर्षांची आहे, पळते अशी की वारा मागे पडावा. आजोबांसारखीच विंगला. घरात शिरली ती थेट माझ्या गळ्यातच पडली, आणि माझा खुबा बोंबलला. मेन्ना रडली, मीही थोडा. सहा एप्रिलला कार्डिफला सामना, आणि वीस तारखेला आपल्या क्लबात तिच्यासाठी जेवण. भाषण अर्थातच माझं.

मग कॅडी खुर्चीत बसली आणि बोटं मोडायला लागली. म्हणाली, "हेडनआजोबा, एक विचारू? रागवायचं नाही."

"विचार की."

"आजोबा म्हणतात, सामन्याला येईन. पण जेवणाला तुम्ही बोलणार असाल तर येणार नाहीत."

"का?"

"सांगत नाहीत. मी दहा वेळा विचारलं. नुसतं म्हणतात, तू जा, मजा कर. पण आजोबा नसतील तर मला ती टोपी कुणाला दाखवायची? त्यांचीच बघत मोठी झाले ना मी. कपाटाच्या वर ठेवलेली असते, काढू द्यायचे नाहीत."

वेल्सकडून पहिला सामना खेळलं की मखमली टोपी मिळते. मला अकरा सामन्यांची एकच, एल्फेडला एकाची एक. टोपी सारखीच.

"मी बघतो," म्हणालो तिला.  मला ठाऊक आहे तो का येत नाही.

१२ मार्च, मंगळवार

मेन्ना गायनाच्या तालमीला गेलीय. आज लिहून टाकतो, मग ही वही ट्रंकेत.

प्रॉप माणूस आयुष्यात ट्राय करत नाही. दुसऱ्यांसाठी ढकलतो, चिखल खातो, कान चुरगाळून घेतो. अकरा सामने, एक गुण नाही माझ्या नावावर. डब्लिनला एल्फेडनं रेषा ओलांडली तेव्हा मी त्याच्या मागे दोन पावलांवर होतो. कसा काय तिथवर पळत पोचलो देव जाणे. आजूबाजूला कुणी नाही. वाटलं, ही एकच संधी. आणि मी ओरडलो, "मला दे! एल्फेड, मला दे!"

त्यानं मान वळवली. चेंडू सुटला.

पन्नास हजार लोक आरडाओरडा करत होते. माझी हाक फक्त त्यालाच ऐकू गेली. तो कधी कुणाला बोलला नाही. मीही नाही. वर, परतीच्या विमानात त्याला "साबण" म्हणणारा पहिला मीच. कुणीतरी म्हणायच्या आधी आपणच म्हणावं, असं काहीतरी डोक्यात होतं. अख्खं विमान हसलं आणि नाव चिकटलं ते चिकटलं. पुढल्याच जूनमध्ये माझं आणि मेन्नाचं लग्न झालं. चर्चच्या दारात तिला माझ्या हाती यानंच दिलं.

एवढी वर्षं गिळून बसला, आता त्याच्यानं राहवेना, हे उघड आहे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. मी खरं सांगून टाकायला हवं. आधी त्याला की आधी लोकांना, ते ठरत नाही.

६ एप्रिल, शनिवार

कार्डिफ. मी, मध्ये मेन्ना, पलीकडे एल्फेड. मला "काय रे" म्हणाला, मी "काय रे" म्हणालो. बाकी मेन्नाच बोलत होती, दोघांशी.

कॅडी झकास खेळली. एकदा मात्र, रेषा हातभर राहिलेली असताना, चेंडू सुटला तिच्या हातून. सगळं मैदान "अरेरे!" म्हणालं.  मागून कुणीतरी ओरडलं, "रक्तातच आहे!" आणि चारदोन हसले. पोरगी गवतावर तोंड घालून पडली होती. तेवढ्यात त्यांची ती धिप्पाड प्रॉप, लाल केसांची, लांबून धावत आली. वाटलं आता झापणार. तर ती गुडघे टेकून शेजारी बसली, कॅडीच्या पाठीवर हात ठेवला. काय बोलली कोण जाणे, बहुतेक काहीच नाही. चार-पाच क्षण नुसती बसली. मग दोघी उठून धावत गेल्या. शेवटी सामनाही जिंकल्या.

एल्फेडकडे बघितलं तर तो चष्मा पुसत होता. वारा फार होता वरच्या बाकांवर. मेन्नानं त्याचा हात धरला होता, तो सामना संपेपर्यंत सोडला नाही. प्रॉपनं चालू खेळ सोडून तिकडे बसायला नको होतं खरं तर, तिची जागा रिकामी पडली होती.

१४ एप्रिल, रविवार

काठी टेकत चढ चढून एल्फेडच्या वाफ्यांपर्यंत गेलो. दोनदा बसलो वाटेत. तो लीकची रोपं लावत होता, दोरी धरून, प्रत्येक रोपाला बोटभर खोल भोक. माझ्याकडे बघून म्हणाला, "पोचलास? वाटलं, हाडं गोळा करायला यावं लागतंय."

"कॅडीच्या जेवणाला ये."

"साबण सांगणार?"

"नाही."

"लोक मागतील."

"मागू देत. नाही सांगणार."

त्यानं एक रोप लावलं, पाणी घातलं. मग विचारलं, "आणि दुसरं?"

"दुसरं कुठलं?"

त्यानं पाण्याचा झारा खाली ठेवला. मला वाटलं, आता ओरडल्याची गोष्ट काढणार. मीच काढणार होतो, पण नुसतं पुढचं रोप उचलून त्याच्या हातात दिलं. शेवटी तोच म्हणाला, "बरं. कॅडीसाठी येतो."

२१ एप्रिल, रविवार, सकाळ

काल क्लबात जेवण. आयोर्वर्थनं रंगीत पताका लावल्या होत्या, दोन वर्षांपूर्वीच्या ख्रिसमसच्या. कॅडी टोपी घालून आली. एल्फेडही आला, पोस्टाच्या निरोप समारंभाचा सूट घालून. कॅडीनं आपली टोपी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात त्या आयोर्वर्थला काय अवदसा आठवली! खिशातून साबणाची वडी काढून ओरडला, "साबण, घे!" आणि फेकली.

एल्फेडचं लक्षही नव्हतं, तो कॅडीशी बोलत होता. त्यानं डावा हात नुसता वर केला आणि वडी झेलली. बघितलंही नाही तिच्याकडे, कोटाच्या खिशात टाकली आणि बोलणं पुढे चालू. लोक "हॅऽऽ" म्हणाले. त्यांना पाडलेली हवी होती.

मग मी उभा राहिलो. पियानो सांगितला, डॉक्टर सांगितला, कॅडीबद्दल चार शब्द बोललो, बसायला लागलो. तर सुरू झाले. "साबण! साबण!" ताटं वाजवायला लागले. कुणीतरी म्हणालं, "हौदातलं! हौदातलं सांग!" मी एल्फेडकडे बघितलं. तो टेबलावरच्या कापडाकडे बघत होता. कॅडी त्याच्याकडे बघत होती.

मी म्हणालो, "सांगतो. पण आज खरं सांगतो. चेंडू एल्फेडच्या चुकीनं पडला नाही. मी मागून ओरडलो, मला दे म्हणून. मला ट्राय करायचा होता."

झालं! जो काही हशा उसळला! कोणीतरी ओरडलं, "पियानो आणि ट्राय!" दुसरा म्हणाला, "रेषेपर्यंत तुला कुणी ओढत नेलं?" मी म्हणालो, "अरे, हसू नका, खरंच सांगतोय, शपथेवर सांगतोय," तर आणखीच हसले. जितकं गंभीर तोंड करावं तितके जास्त. आयोर्वर्थ डोळे पुसत म्हणाला, "हा नवा शेवट आधीच्यापेक्षा भारी आहे, गड्या, हाच ठेव." इतकी वर्षं मी खोटं सांगितलं ते सगळ्यांना खरं वाटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो तो विनोद झाला. कान धरून उठबशा काढल्या असत्या तरी टाळ्याच पडल्या असत्या. लाज वाटली मला. भर सभेत एवढी लाज कधी वाटली नव्हती.

हसले नाहीत ते तिघं. कॅडी, एल्फेड आणि मेन्ना. मेन्नाला मात्र तिथल्या तिथे कळलं की हे खरं आहे.  आत्ता चहा टेबलावर ठेवून म्हणाली, "लग्नाआधी सांगितलं असतंस, तरी तुझ्याशीच केलं असतं. पण सांगायला हवं होतंस." आणि मग, "जा त्याच्याकडे."

तोच दिवस, दुपार

गेलो. चढ आज दुप्पट वाटला. एल्फेड दोरी गुंडाळत होता. मी धापा टाकत म्हणालो, "झालं. सांगितलं सगळ्यांना. कुणी विश्वास ठेवला नाही, त्याला मी काय करू? पण सांगितलं. आता तरी ये जेवायला."

"काय सांगितलंस?"

"मी ओरडलो ते! तुला ऐकू आलं होतं ना?"

"कानातच तर ओरडला होतास," तो म्हणाला. "न ऐकू येऊन सांगतो कुणाला?"

"मग बोलला का नाहीस एवढी वर्षं?"

"काय बोलायचं? तू ओरडलास. पण हात तर माझेच होते ना."

मला कळेना. एकोणचाळीस वर्षांचं ओझं उचलून चढ चढून आणलं, आणि हा म्हणतो, हे माझं नव्हेच. म्हणालो, "मग राग कशाचा आहे तुला? साबण म्हणतात त्याचा?"

"त्याची सवय झाली."

"मग कशाचा, बाबा? सांग तरी."

त्यानं दोरी खुंटीला लावली, हात पुसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "हौदातलं सांगायला नको होतंस. ते माझं होतं."

 त्याच्या बायकोलाही ठाऊक नव्हतं, म्हणाला. कुणालाच नव्हतं. फक्त मला.

"आणि तू 'साबण गेला का' म्हणाला नव्हतास. तू काहीच म्हणाला नव्हतास. तू दात न्यायला आला होतास."

खरं आहे. मी काय विसरलो होतो ते किस्स्यात सांगत नाही. पुढचे चार दात खोटे आहेत माझे, तेव्हाही होते. सामन्याआधी काढून कपात ठेवायचो. कप हौदाच्या काठावर होता. मी आत गेलो, तो रडत होता, मी कपातून दात काढले, तोंडात घातले आणि जेवायला गेलो. तळलेला मासा होता.

"मला वाटलं, जरा बसशील," एल्फेड म्हणाला.

एवढंच. आवाज चढवला नाही, काही नाही. मी उभाच होतो. एकदम कार्डिफची ती लाल केसांची प्रॉप आठवली, आणि मेन्नानं धरलेला त्याचा हात. आणि माझ्या या वहीत मी काय लिहिलंय तिच्याबद्दल, तेही आठवलं. माझ्यासारखा मूर्ख दुसरा नाही. वारा होता म्हणे.

तिथे एक बादली पालथी पडली होती, बुटकी. मी तिच्यावर बसलो. खुब्यातून कळ अशी आली की तारे दिसले, पण बसलो. एल्फेड दुसऱ्या वाफ्याला लागला. मी काही बोललो नाही, तोही नाही. अर्धा तास असेल. त्याची दोन ओळी रोपं लावून झाली.

मग मला उठता येईना. काठी लांब पडलेली. म्हणालो, "एल्फेड, हात दे रे."

त्यानं दोन्ही हातांनी मला धरलं. एकशे सव्वीस किलो आहे मी. तो कण्हला, मी कण्हलो, अर्ध्यावर आलो आणि त्याचा पाय मातीत घसरला. मला वाटलं, गेलो आता.

नाही सोडलं त्यानं.

३ मे, शुक्रवार

नदीकाठच्या क्लबात. पंचेचाळीस माणसं, वाटाणे शिजलेले. पियानो: बरा. पँट: बेताचा. डॉक्टर: पडला. लोकांनी साबण मागितला. म्हणालो, ती गोष्ट माझी नाही, ज्याची आहे त्याला विचारा. हशा: नाही. आयोर्वर्थ म्हणतो, अशानं पुढच्या वर्षी कुणी बोलावणार नाही. नाही बोलावलं तर नाही.

गाडी एल्फेडनं चालवली. गिअरबॉक्स ठीक आहे म्हणाला. परवा रविवारी मटण आहे.